दोन इंच पाण्याची भिंत



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडून प्लंबिंगकडे कधी वळलात?” त्यांना मी एवढंच सांगितलं, की वळलो वगैरे नाही. चाळीसेक वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, आणि तिच्यातला एक जुना प्रश्न मला न्हाणीघराच्या कोपऱ्यात जितका स्वच्छ दिसला तितका ग्रंथांत दिसला नाही. प्रश्न असा: एखादी गोष्ट चुकीच्या कारणासाठी केली आणि ती बरोबर ठरली, तर तिला ज्ञान म्हणायचं का? आणि ते कारण खोटं ठरल्यावर त्या गोष्टीचं काय करायचं?

सुरुवात घरापासून करू. मे महिन्यात गावी गेलात, तीन-चार आठवड्यांनी परत आलात, दार उघडलं की एक घाणेरडा वास येतो. घरात काही सडलंय का म्हणून आपण शोधतो. मग कोणीतरी जाणतं माणूस बाथरूममध्ये जाऊन जाळीवर तांब्याभर पाणी ओततं आणि अर्ध्या तासात वास नाहीसा होतो. त्या माणसानं नेमकं काय केलं? एक भिंत पुन्हा उभी केली. पाण्याची भिंत, सुमारे पन्नास मिलिमीटर, म्हणजे दोन इंच उंचीची.

जाळीखाली जो वाकडा पेला असतो त्याला दुकानात ‘नानी ट्रॅप’ म्हणतात. नानीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मूळ शब्द ‘नहाणी ट्रॅप’, म्हणजे आपली न्हाणी. देशभरातल्या स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव आहे. ट्रॅपचं काम सांगायला सोपं आहे: पाणी जाऊ द्यायचं, हवा येऊ द्यायची नाही. घरातला नळीचा प्रत्येक फाटा जिथे मोठ्या पाइपाला मिळतो, तिथे द्रव आणि वायू यांची फारकत करायची असते. सांगायला सोपं, पण ती फारकत नीट जमवायला माणसाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

तारीख सांगायची तर १७७५. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाचा स्कॉटिश घड्याळजी होता. त्याने तिसऱ्या जॉर्ज राजासाठी हवेचा दाब नोंदवणारं घड्याळ बनवलं होतं. या माणसाने शौचकूपाचं पेटंट घेतलं आणि त्यात भांड्याखालची नळी एस आकारात वळवली. वळणात पाणी साचून राहायचं आणि खालच्या खड्ड्यातला वास वर येत नसे. त्याआधी, १५९६ मध्ये, सर जॉन हॅरिंग्टनने पाणी सोडून धुतला जाणारा संडास वर्णिला होता, पण वास अडवणारं हे पाण्याचं वळण त्यात नव्हतं. कमिंगच्या यंत्रातली सरकती झडप पुढे कटकटीची ठरली आणि तीनच वर्षांनी जोसेफ ब्रामाने ती बदलली. वळण मात्र टिकलं. आज तुमच्या बेसिनखाली वाकून पाहिलंत, तर त्याचंच भावंड दिसेल.

कमिंगच्या काळात हे सगळं वासासाठी होतं. पण तेव्हा वास ही केवळ नाकाची तक्रार नव्हती. सडलेल्या पदार्थांतून दूषित हवा निघते आणि त्या हवेने रोग होतात, असं वैद्य मानत. आपल्याकडेही ‘हवा लागली’, ‘हवा बाधली’ म्हणतात, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही. एडविन चॅडविक हा इंग्लंडमधला आरोग्य सुधारणेचा मोठा पुढारी. १८४२ मध्ये त्याचा कामकरी लोकांच्या आरोग्यावरचा अहवाल आला. १८४६ मध्ये संसदीय समितीपुढे त्याने इतकं पुढचं विधान केलं, की तीव्र वास म्हणजेच रोग.

आता या विचाराचा परिणाम बघा. घरात वास नको, म्हणून घराखालचे मैल्याचे खड्डे गटारांत रिकामे केले आणि गटारं थेम्स नदीत सोडली. घरातला वास कमी झाला. पण थेम्सचं पाणी लोक पीत होते. १८४९ च्या पटकीत लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं मेली. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून दाखवायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं त्या वेळी बहुतेकांना पटलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगले. मग मात्र बॅझलजेटला प्रचंड गटारं बांधायला पैसा मिळाला, आणि तोही वासाच्या भीतीनेच.

पुढे घराघरांत शौचकूप आले, घरं गटारांना जोडली गेली आणि भीतीने नवं रूप घेतलं. आता शत्रू होता ‘गटारवायू’. १८७१ च्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्स विषमज्वराने मरता मरता वाचला. दहा वर्षांपूर्वी त्याचे वडील प्रिन्स आल्बर्ट त्याच निदानाने गेले होते. दोष गटाराच्या हवेवर आला. राजपुत्राला होतं तर आपल्याला का नाही, म्हणून मध्यमवर्ग हादरला आणि प्लंबरांना सुगीचे दिवस आले. प्रत्येक मोरीला, प्रत्येक बेसिनला ट्रॅप बसू लागला. आणि लोकांच्या लक्षात आलं, की ट्रॅप असूनही वास येतो. पाण्याची भिंत रात्रीतून गायब होते. का?

इथे थोडं पाइपात डोकावावं लागेल. बहुमजली इमारतीत उभ्या पाइपातून पाणी पडतं, तेव्हा ते पाइप भरून पडतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. पाणी कडेच्या भिंतीला चिकटून, कड्यासारखं होऊन उतरतं आणि मधोमध हवेचा खांब राहतो. पाइप मोजमाप करून निवडतात, तेव्हा पाण्याने आतल्या जागेच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा व्यापू नये असंच धरतात. उरलेली जागा हवेची. पडणारं पाणी या हवेला सोबत खाली ओढतं, स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक पट. ही हवा गच्चीवरच्या उघड्या तोंडातून आत येते.

तोवर सगळं ठीक. आता पाचव्या मजल्यावर कोणी फ्लश ओढला. आडव्या फाट्यातलं पाणी उभ्या पाइपात शिरलं, समोरच्या भिंतीवर आपटलं आणि त्या जोडावर पाण्याचा पडदा तयार झाला. वरून येणारी हवा अडली. पडद्याखालचं पाणी मात्र हवा ओढतच असतं. मग जोडाच्या खाली दाब घटतो आणि आसपासच्या ट्रॅपमधलं पाणी शोषलं जातं. तळाशी याच्या उलट घडतं. उभा पाइप जिथे आडवा होतो तिथे पाणी तुंबतं, फवारा उडतो आणि हवेची वाट बंद होते. मग दाब वाढतो आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या मोरीत गुडगुड ऐकू येते. वरच्यांनी पाणी सोडलं की आमच्याकडे बुडबुडे येतात, ही सोसायटीच्या सभेतली नेहमीची तक्रार. भांडण माणसांत होतं, दोष त्या जोडाचा असतो.

आणि ही भिंत किती नाजूक असते? पन्नास मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण दोनशेवा भाग. त्याहून थोडा जास्त हिसका बसला की दार उघडलंच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत यावर उपाय निघाला तो आणखी पाइपांचा. प्रत्येक ट्रॅपजवळून हवेची वेगळी नळी वर न्यायची, म्हणजे शोषण झालं तर हवा त्या नळीतून येईल, ट्रॅपमधून नाही. शिवाय संडासाचा पाइप वेगळा, मोरीचा वेगळा. मुंबईतल्या जुन्या इमारतीच्या मागच्या गल्लीत उभे राहा आणि वर पाहा. भिंतीवर झाडाच्या मुळांसारखे पाइप पसरलेले दिसतात. काही पाइप गच्चीच्याही वर जातात, डोक्यावर जाळीची टोपी असते. लहानपणी आपल्याला वाटायचं, हा पाइप कुठेच कसा जात नाही? तो हवेसाठी आहे. गटारवायूची भीती लोखंडात ओतून भिंतीवर लावली, ती ही अशी.

पण त्याच काळात विज्ञानाची दिशा बदलत होती. रोग जंतूंमुळे होतात, वासामुळे नाही, हे सिद्ध होत गेलं. मग प्रश्न आला: गटाराच्या हवेत जंतू असतात का? १८७७ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं, की द्रव नुसता ढवळून थेंब फारसे वर जात नाहीत, पण त्यात बुडबुडे येऊन फुटले तर बारीक थेंब हवेबरोबर दूर जातात. १९०७ मध्ये जिब्राल्टरला मेजर हॉरॉक्स यांनी सहज ओळखता येतील असे लाल रंगाचे जंतू गटारात सोडले आणि ते हवेच्या पाइपात वर पकडले. म्हणजे शक्यता होती. पण बॉस्टनमध्ये १९०९ च्या सुमारास विन्स्लो यांनी मोजणी केली, तेव्हा पाइपांतल्या हवेत असे जंतू फारच थोडे निघाले. १९१० मध्ये प्रॉव्हिडन्सचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी पुस्तक लिहून मांडलं, की रोग मुख्यतः माणसाच्या संपर्कातून येतात, हवेतून नव्हे. गटारवायूचं भूत उतरलं.

या बदलातली एक करुण गोष्ट सांगतो. जॉर्ज वेअरिंग हे अमेरिकेतले नामांकित गटार अभियंता आणि गटारवायूच्या सिद्धांताचे कट्टर पुरस्कर्ते. १८९८ मध्ये हवाना शहराच्या स्वच्छतेची पाहणी करून ते परतले आणि पीतज्वराने वारले. तो ज्वर डासामुळे पसरतो हे वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १९०० मध्ये दाखवलं. आयुष्यभर ज्या हवेशी ते लढले, ती हवा मारेकरी नव्हतीच.

आपल्याकडेही हे घडलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. हे मूळचे गोव्याचे. नगरपालिकेची पहिली धाव गटारांकडे होती: समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक आम्ल गटारांत सोडून ती धुतली गेली. प्लेग त्याने थांबला नाही. उंदरावरच्या पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. तोच सिद्धांत, तीच भीती. तिने लंडनच्या घरात उपयोगी ट्रॅप बसवला आणि मुंबईत कार्बोलिक वाया घालवलं.

विसाव्या शतकात भीती गेल्यावर हिशेब सुरू झाला. हवेत धोका नाही, फक्त वास अडवायचा आहे, तर इतक्या नळ्या कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला घरं भराभर आणि स्वस्तात बांधायची होती. तिथल्या इमारत संशोधन केंद्रात वाइज आणि क्रॉफ्ट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्ष दाब मोजले आणि दाखवलं, की फाट्यांची लांबी, उतार आणि जोडाचा आकार नीट ठेवला तर एकाच उभ्या पाइपात काम भागतं. १९५९ मध्ये बर्नच्या फ्रिट्झ सोमर यांनी तर प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. त्यांनी वेगळी नळी टाकली नाही, जोडच बदलला. प्रत्येक मजल्यावर असा जोड, की वरून येणारं पाणी बाजूला वळून मंदावेल, फाट्याचं पाणी एका आडभिंतीमागून मिसळेल आणि मधला हवेचा खांब तुटणार नाही. तळाशी दुसरा एक जोड: त्यात पाणी एका उंचवट्यावर आदळतं, हवा सुटी होते आणि वेगळ्या नळीतून पुढच्या आडव्या पाइपात जाते. हवा आणि पाणी यांची फारकत तिथल्या तिथे, जोडावरच. मला हे काम फार सुंदर वाटतं. भीतीमुळे झालेलं काम पाइप वाढवत गेलं. समजून केलेल्या कामाने ते कमी केले.

इथे ही कथा संपायला हवी होती. ती २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हाँगकाँगमध्ये ॲमॉय गार्डन्स नावाची वसाहत आहे, तेहतीस मजली इमारतींची. मार्चच्या मध्यात सार्स झालेला एक माणूस तिथे नातेवाइकाकडे आला. त्याला जुलाब होत होते, त्याने संडास वापरला. एप्रिलच्या मध्यापर्यंत वसाहतीतल्या ३२१ जणांना सार्स झाला होता, त्यांतले सुमारे चाळीस टक्के एकट्या ‘ई’ इमारतीतले. हे लोक एकमेकांच्या घरी जात नव्हते. त्यांना जोडणारा होता तो उभा पाइप. तपासात आढळलं, की अनेक घरांत बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप कोरडे होते. तिथे लोक फरशीवर पाणी ओतत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. आपल्यासारखी बादलीभर पाणी ओतायची सवय असती तर ते ट्रॅप भरलेले राहिले असते. पंखा लावला, दार बंद केलं, की पंखा पाइपातली हवा थेंबांसकट खोलीत ओढायचा. त्यातून हे थेंब इमारतीच्या आतल्या चौकात गेले आणि उबदार हवेबरोबर वरच्या मजल्यांवर पोचले, असं नंतरच्या अभ्यासाने मांडलं. फ्रँकलंडचे बुडबुडे आणि हॉरॉक्सचे लाल जंतू सव्वाशे आणि शंभर वर्षांनी साक्षीला आले. फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला हाँगकाँगच्याच त्सिंग यी बेटावरच्या एका इमारतीत, हवेच्या पाइपाचं तोंड नीट बंद नसल्याच्या संशयावरून, रहिवाशांना बाहेर काढावं लागलं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. यावरून एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो: बघा, जुने लोक बरोबर होते! नाही. जुने लोक चूक होते. चॅडविकच्या नाकाने थेम्स विषारी केली. वास म्हणजे रोग हे विधान खोटं होतं आणि आजही खोटंच आहे. आणि दुसरा मोह: सिद्धांत खोटा ठरला, म्हणजे त्याने दिलेलं सगळं टाकून द्या. तेही नाही. गटारवायूचा सिद्धांत पडला, तेव्हा त्याबरोबर एक खरी गोष्टही नजरेआड झाली: थेंब हवेबरोबर जातात. चेपिन बहुतेक रोगांबाबत बरोबर होते. पण ‘बहुतेक’ या शब्दाचं पुढे ‘सगळे’ झालं.

ट्रॅप आणि कार्बोलिक यांच्यात फरक कोणता? दोन्ही एकाच चुकीच्या विचाराचे. पण ट्रॅप काय करतो हे सिद्धांतावर अवलंबून नव्हतं. पाणी जातं, हवा येत नाही. हे कोणीही तपासू शकतं, दाब मोजू शकतं, बिघाड शोधू शकतं. कार्बोलिकने काय साधलं हे फक्त सिद्धांत खरा मानला तरच सांगता येत होतं. म्हणून माझं उत्तर असं, की कारण खोटं निघालं तर वस्तूला पुन्हा विचारावं, तू नेमकं करतेस काय? आणि उत्तर मोजून घ्यावं. एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात जॉन स्वाफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमॉयनंतर हेच केलं. पाइपात दाबाची हलकी लाट सोडायची आणि तिच्या प्रतिध्वनीवरून कोणत्या मजल्यावरचा ट्रॅप कोरडा आहे ते ओळखायचं.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठवत नाही. ही पाण्याची भिंत आपल्या बाजूला आहे. भिंतीच्या पलीकडे जो उतरतो, त्याला ती नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. दहा लाखांत एक भागाहून कमी असला तरी त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण शंभर भागांच्या आसपास गेला, की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. चॅडविकचं विधान इथे उलटं होतं: वास गेला, की समजावं मरण जवळ आलंय. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. म्हणजे अजून माणसं उतरताहेत आणि मरताहेत. आपल्या घराच्या मोरीसाठी दोनशे वर्षं बुद्धी खर्च झाली. चेंबरच्या झाकणाखालच्या माणसासाठी तितका विचार झालेला नाही. तुमच्या सोसायटीत पाइप तुंबला आणि कोणी म्हणालं, “दोन मिनिटांचं काम आहे, उतरव त्याला”, तर तेव्हा ‘नाही’ म्हणणारा एक तरी माणूस या ऐकणाऱ्यांतला असावा.

आणि घरी गेल्यावर, जी मोरी वापरात नसेल तिच्यात तांब्याभर पाणी ओता. या वेळी का ओततोय, ते तुम्हाला ठाऊक असेल.